मिक्सरचं मोठं भांडं

बहिणीच्या दुसऱ्या बाळंतपणाला मी गेलो, हे आमच्या गावात अजून हसण्यावारी नेतात. बाळंतपणाला आई जाते, सासू जाते, फार तर मावशी जाते. भाऊ गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पण आईचे दोन्ही गुडघे गेलेले आणि डॉक्टरांनी विमानाचं नावसुद्धा काढायचं नाही असं बजावलेलं. बहिणीच्या सासूबाई हयात नाहीत. माझी बायको आईला एकटं सोडून जाऊ शकत नव्हती. राहता राहिलो मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर, मे महिन्यात रिकामा. बहीण मेलबर्नला असते. तिने तिकीट पाठवलं आणि फोनवर सांगितलं, "दादा, तू फक्त पोरीला शाळेत सोड आणि आण. बाकी कशाला हात लावू नकोस."

आईने मात्र या प्रवासाचा वेगळाच अर्थ लावला. तिच्या लेखी मी हमाल होतो, आणि काय न्यायचं हे हमालाला कुणी विचारत नाही.

तिकीट आल्यापासून महिनाभर घरात वाळवणं सुरू होती. आमसुलं, पोह्याचे पापड, सांडगी मिरची, घरचा मसाला, मेतकूट. डिंकाचे लाडू शेवटच्या आठवड्यात होणार होते, कारण ते ताजे जायला हवेत. पलंगाखाली हात घातला की कुठला तरी डबा लागायचा. मी रोज फोनवर ऑस्ट्रेलियाचे नियम वाचायचो आणि रोज एकेक जिन्नस बाद करायचो. कोळंबीचे सोडे बाद, धने बाद, जिरं बाद. आई निमूट ऐकून घ्यायची. तिने वाद घातला नाही, याचा मला संशय यायला हवा होता.

वाद झाला तो मिक्सरवरून. एके दिवशी माणगावला जाणाऱ्या शेजाऱ्याच्या टेम्पोत बसून आई गेली आणि बाजारातून कोरा मिक्सर घेऊन आली. तीन भांडी, वर लाल झाकणं. बहीण एकदा बोलून गेली होती की तिकडच्या यंत्रात वाटण बारीक होत नाही, खोबरं चोथ्यासारखं राहतं. ते आईने धरून ठेवलं होतं.

"तिकडे आपले मिक्सर मिळतात," मी म्हणालो. "भारतीय दुकानं आहेत ढीगभर."

"मिळूं देत."

"सहा किलो वजन आहे याचं. तेवीस किलोत सहा किलो लोखंड न्यायचं?"

"तुला डोक्यावर घेऊन चालायचं हाय काय?" आई म्हणाली. मग जरा थांबून तिने नीट माझ्याकडे पाहिलं. "एक सांगतंय ते ऐक. वजन जास्ती झालं, तर लाडू काढ, पापड काढ, तुझे कपडे काढ. मिक्सर काढायचा न्हाय. भांड्यांसकट तिच्या हातात गेला पायजे."

माझ्या कपड्यांचा नंबर पापडांच्या खालोखाल लागला होता. मी चिडलो आणि अंगणात जाऊन बसलो.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. बहीण पहिल्या वेळी गरोदर होती तेव्हा ती आणि तिचा नवरा पुण्यात होते. सातव्या महिन्यात ती डोहाळजेवणाला घरी आली. वडील जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. बायका जमल्या, बहिणीला पाटावर बसवलं, आणि एकेक सवाष्ण तिची ओटी भरू लागली. पदरात तांदूळ, त्यावर खण, सुपारी, हळकुंड, नारळ. माझ्या बायकोने भरली, आत्याने भरली, आळीतल्या सगळ्यांनी भरली. बहीण मधेच म्हणाली, "आई कुठे आहे? आई, तू भर की." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात खिरीचा डाव. म्हणाली, "मी न्हाय भरायची. चांगल्या दिवशी उगाच कशाला?" आत्याने मान डोलावली. आणि मी, जो सावित्रीबाईंच्या जयंतीला शाळेत अर्धा तास भाषण देतो, तो बाहेर पंगतीची पानं मांडत होतो. मला आतलं सगळं ऐकू आलं होतं. मी पत्रावळी सारख्या केल्या आणि गप्प राहिलो.

बहीण दुसऱ्या दिवशी निघाली. आमच्याकडे लेक ओटी घेऊन निघाली की त्यातले चार दाणे माहेरच्या तांदळाच्या डब्यात टाकून जाते, म्हणजे ती गेली तरी घर रितं होत नाही. बहिणीने दाणे टाकले. आईने डब्याचं झाकण लावलं. नंतर त्या गोष्टीचा कुणी उच्चार केला नाही. वर्षभरात ती दोघं मेलबर्नला गेली, आणि या खेपेला डोहाळजेवण झालं ते तिकडेच, चार मैत्रिणींत केक कापून. त्याचे फोटो आईने पाहिले. "बरं हाय," एवढंच म्हणाली.

तर, सामान. गावात सामान बांधण्यातलं शेवटचं मत आमच्या शेजारच्या खालाचं. तिची तीन पोरं आखातात आहेत, त्याआधी नवरा होता. गेली चाळीस वर्षं ती खोकी आणि बॅगा बांधते आहे. दिघीपासून इकडे परदेशी जाणारं कुणीही असो, आदल्या दिवशी खालाला बोलावणं जातं. ती आली, चप्पल काढली, आणि मी भरलेली बॅग तिने सरळ पलंगावर उपडी केली.

"मास्तर, ही पुस्तकं लावायची तऱ्हा झाली," ती म्हणाली. "सामान अशा तऱ्हेनं जात नाय."

तिने मिक्सरचं धूड आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून बरोबर मधोमध ठेवलं. भोवतीने मऊ पिशव्या, कडेला डबे. खोबरं खवायच्या खवणीच्या पात्याला पुठ्ठा बांधला. लाडवांचा डबा हलवून पाहिला. आतून आवाज आला तशी झाकण काढून चार लाडू आणखी कोंबले. "हवा कशाला न्यायची? हवेलापन जागा लागते." मिक्सरची भांडी मात्र मी हट्टाने रिकामी ठेवायला लावली. मी जिनसांची यादी करत होतो, सतरा कलमांची, इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात, आणि मला तीत गोंधळ नको होता. सतराव्या कलमापुढे मी लिहिलं: मिक्सर, तीन भांडी, रिकामी. खालाने आईकडे पाहिलं. आईने खालाकडे पाहिलं. मी यादीखाली रेघ मारली.

खालाने बॅगेला नायलॉनची दोरी आवळली आणि तिची ती ठरलेली गाठ मारली. ती गाठ तिच्याशिवाय कुणाला येत नाही आणि सुटतही नाही. मग बॅग वजनाला सुपारीच्या व्यापाऱ्याकडे नेली, कारण गावात मोठा काटा तेवढाच. भरली बावीस किलो सहाशे. व्यापारी म्हणाला, "बिनधास्त जा." त्याच्या काट्यावर आमच्या वाडीची सुपारी वर्षानुवर्षं हलकीच भरत आली आहे, पण हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. संध्याकाळी मी कागदांच्या झेरॉक्स काढायला म्हसळ्याला गेलो. परत आलो तेव्हा आई आणि खाला पडवीत चहा पीत बसल्या होत्या, बॅग शेजारी उभी होती.

सकाळी बॅग गाडीत ठेवताना मला एवढंच दिसलं की दोरीची गाठ डाव्या अंगाला आहे. आदल्या दिवशी ती उजव्या अंगाला होती असं मला वाटत होतं. गाठ खालाचीच होती, म्हणून मी फार विचार केला नाही. दिघीला फेरीबोटीवर गाडी चढवली, आगरदांड्याला उतरलो, आणि दुपारपर्यंत विमानतळावर पोचलो.

तिथल्या काट्यावर बॅग तेवीस किलो चारशे भरली.

काउंटरवरची मुलगी समजूतदार होती, तिने तेवढं चालवून घेतलं. पण मला त्या आठशे ग्रॅमचा असा संताप आला की सांगता सोय नाही. सुपारीच्या व्यापाऱ्याला मी रांगेत उभ्या उभ्या मनातल्या मनात नाही नाही ते बोललो. आमच्या वडिलांच्या काळापासूनच्या सगळ्या सुपारीचा हिशेब मी त्याच्या नावावर टाकला. सिंगापूरपर्यंत माझा राग पुरला.

मेलबर्नला उतरल्यावर फॉर्मवर, सोबत खाद्यपदार्थ आहेत, असं मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. त्यांनी मला बाजूच्या रांगेत पाठवलं. लांबलचक स्टीलचं टेबल, पलीकडे हातमोजे घातलेली माझ्याच वयाची एक बाई. मी यादी पुढे केली. तिने ती कौतुकाने वाचली, आणि मला बरं वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासले, इथे माझा तपासला जात होता. दोरीची गाठ तिला सुटेना, मलाही सुटेना, शेवटी तिने कात्री घेतली. एकेक जिन्नस बाहेर आला. आमसुलं तिने वास घेऊन ठेवली. पापड उजेडात धरून पाहिले. एक लाडू फोडून पाहिला आणि अर्धे अर्धे परत डब्यात ठेवले. सोळा कलमं सुटली.

मग तिने लुगडं सोडवलं, मिक्सर पाहिला आणि मोठं भांडं उचललं. "हे रिकामं?" तिने विचारलं. "रिकामं," मी ठणकावून सांगितलं. तिने ते हलवलं. आत खळखळलं.

झाकणाला चिकटपट्टी होती. ती तिने नखाने काढली. वरती खण होता, हिरवा, लाल काठाचा, घडी घालून बसवलेला. खाली तांदूळ, हळदीकुंकू लागलेले. त्यात पाच सुपाऱ्या, आमच्या वाडीतल्या, सोललेल्या. एक हळकुंड, खोबऱ्याची वाटी, एक रुपयाचं नाणं. सगळं नीट रचलेलं. नारळ मावला नसता म्हणून खोबऱ्याची वाटी, इतका विचार केलेला.

मला एका क्षणात सगळं कळलं. आईला मिक्सर पाठवायचाच नव्हता. तिला भांडं हवं होतं.

"हे काय आहे?" बाईने विचारलं. ओटी म्हणजे काय, हे मी मराठीतसुद्धा कधी कुणाला समजावून सांगितलेलं नाही. माझ्या मास्तरकीच्या इंग्रजीत सांगू लागलो. माझी बहीण गरोदर आहे. आमच्याकडे अशा वेळी तिच्या पदरात हे घालतात. हे माझ्या आईने घातलंय. बाई म्हणाली, "पण यंत्रात का?" मी म्हणालो, "ती विधवा आहे. विधवेने घालायचं नसतं. म्हणून लपवून." हे वाक्य परक्या देशात, परक्या भाषेत, अनोळखी बाईपुढे तोंडातून गेलं आणि मला लाज वाटली. आईची नाही, माझी. त्या दिवशी पानं मांडायची सोडून मी आत जाऊन दोन शब्द बोललो असतो, तर शहात्तर वर्षांच्या बाईला आपल्या लेकीची ओटी मिक्सरच्या भांड्यात भरावी लागली नसती.

बाईने खण अलगद बाजूला ठेवला. मग तिने आपलं काम केलं. तांदूळ नेता येत नाहीत, त्यातून एक किडा येतो, तो इथल्या धान्याचं वाटोळं करील. तिने किड्याचं चित्र दाखवलं. सुपाऱ्या नाहीत, हळकुंड नाही, खोबरं नाही. तिने एक जाड पिशवी उघडली आणि भांडं तीत उपडं केलं. "चार दाणे तरी ठेवू का?" मी विचारलं. ती म्हणाली, "माफ करा." मग तिने खण झटकला, उलगडला, दिव्याखाली धरला. काठाच्या जरीत एक तांदूळ अडकला होता. तो तिने चिमट्याने काढून पिशवीत टाकला. नाणं पुसून माझ्या हातावर ठेवलं. यादीत खोटं लिहिलंत म्हणून दंड करता आला असता, पण बाकी सगळं खरं लिहिलंत, असं म्हणून तिने समज देऊन सोडलं. तिचं काहीही चुकलं नाही. तरी मी बॅग भरताना तिच्याकडे पाहिलं नाही.

बहिणीला मी घरी पोचल्यावर सगळं सांगितलं. ती आधी हसली. मिक्सर, हमाल, आठशे ग्रॅम, व्यापाऱ्याला दिलेल्या शिव्या, या सगळ्याला पोट धरून हसली. मग मी खण आणि नाणं काढून दिलं. तिने मोठं भांडं उचललं आणि आत पाहिलं. पात्याच्या बुडाशी हळदीचं पिवळं थोडं राहिलं होतं. "हे धुवायचं नाही," ती नवऱ्याला म्हणाली. वाटण मधल्या भांड्यात होऊ लागलं आणि मोठं भांडं फडताळावर चढलं.

त्याच दिवशी बहिणीला आईचा फोन आला.

"मिक्सर पोचला?"

"पोचला, आई."

"भांडी बघितलीस?"

"बघितली. मोठं भांडं पहिलं बघितलं."

"बरं," आई म्हणाली. मग ती लाडवांवर आली, त्यात गूळ जरा जास्त झाला की काय यावर. मी शेजारी बसून ऐकत होतो. या दोघींना एकदा तरी सरळ बोलता येऊ नये याचा मला राग येत होता. पण मी तरी कधी सरळ बोललो होतो? पिशवीबद्दल बहीण काही बोलली नाही, म्हणून मीही बोललो नाही.

भाची झाली. मुलगी, सव्वातीन किलो, माझ्या वडिलांच्या कानांसारखे कान. मी थोरलीला शाळेत सोडलं, आणलं, लाडू वाढले, आणि शाळा उघडायच्या आधी परत निघालो. निघताना बहिणीने माझ्या बॅगेत मोठं भांडं ठेवलं. झाकणाला पुन्हा चिकटपट्टी.

"हे आईला दे. म्हणावं, एवढं मोठं मला लागत नाही."

मी भांडं हलवलं. आत थोडंसं खुळखुळलं. या खेपेला मी काही विचारलं नाही.

घरी पोचलो तेव्हा आई चुलीशी होती. मी हातपाय धुऊन आलो आणि भांडं तिच्यापुढे ठेवलं, निरोप सांगितला. तिने चिकटपट्टी काढली. आत मूठभरही नसतील इतके तांदूळ होते. तिने ते हातावर घेतले आणि खिडकीपाशी नेले. जन्मभर भात लावलेली, झोडलेली, पाखडलेली बाई ती. तिचं पाहून होईपर्यंत मला घाम फुटला.

"हा आपला तांदूळ न्हाय," ती म्हणाली. "हा लांब हाय. इकतचा."

मग मला सांगावंच लागलं. टेबल, बाई, पिशवी, जरीतला तो एक दाणासुद्धा. किड्याचं सांगितलं तेव्हा आई कडाडली, "माझ्या तांदळात किडा? कडूलिंबाचा पाला घालून ठेवतंय मी!" ती त्यानंतर आठवडाभर त्या किड्यावरून धुसफुसत होती. पण त्या वेळी तिचा आवाज लगेच खाली आला. हातावरच्या दाण्यांकडे बघत तिने विचारलं, "मंजे पदरात काय पडलंच न्हाय तिच्या?"

"खण पडला," मी म्हणालो. "नाणं पडलं. बारशाला तिने त्याच खणाचा ब्लाउज घातला होता." आणि मग जे आठ वर्षांपूर्वी दारात जाऊन म्हणायला हवं होतं ते म्हणालो, "तूच भरायला हवी होतीस, आई. मी तेव्हा बोललो नाही. चुकलंच माझं."

आई उठली, गुडघ्यावर हात ठेवून दोन पावलं चालली, तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं आणि ते दाणे आत टाकले. चमच्याने नाही, हाताने ढवळले.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा आमच्या जाड्या भातात मधेच एखादं शीत लांब येत होतं. आई एरवी भातात खडा दिसला तर ताट सारते. त्या दिवशी तिने एकही शीत बाजूला काढलं नाही, आणि आणखी भात मागून घेतला.